‘अजून पोट्टंच हाये’ : भावनिक अपरिपक्वता आणि देहबोली

मनासारखे झाले नाही की लहान मूल ते आधी अंगाने सांगते. खालचा ओठ पुढे येतो, हनुवटी छातीला टेकते, पाय आपटले जातात, कधी भर बाजारात लोळण घेतली जाते. शब्द मागाहून येतात, पुष्कळदा येतच नाहीत. वय वाढते तसा हा क्रम बदलतो. नाराजी आधी स्वतःची स्वतःला कळते, मग तिला शब्द मिळतात आणि शरीर त्या शब्दांना नुसती साथ देते. काही माणसांत हा बदल अर्ध्यावरच थांबतो. वय चाळीस, पदरी दोन मुले, डोक्यावर सोसायटीचे कर्ज, गावात चारचौघांत मान. पण घरात कोणी ‘नाही’ म्हटले की शरीर पाच वर्षांच्या मुलाचे होते. यवतमाळ जिल्ह्याच्या वऱ्हाडी बोलीत अशा माणसाचे निदान तीन शब्दांत होते : ‘अजून पोट्टंच हाये’, म्हणजे अजून पोरच आहे. हे म्हणणाऱ्या बाईने मानसशास्त्र वाचलेले नसते. तिने त्याचे तोंड, खांदे आणि पाय वर्षानुवर्षे पाहिलेले असतात.

याला अभ्यासक भावनिक अपरिपक्वता म्हणतात. हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘अपरिपक्व’ हा शब्द व्यक्तिमत्त्व विकारांच्या ‘इतर’ या कप्प्यात नुसता नोंदवलेला होता, त्याची लक्षणे दिलेली नव्हती. २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीने तर या विकारांची जुनी नावे बहुतांशी बाजूला ठेवून तीव्रतेच्या पायऱ्या केल्या. त्यामुळे अमुक माणूस अपरिपक्व असल्याचा दाखला कोणताही डॉक्टर देत नाही. बुद्धीशीही याचा संबंध नाही. हिशेबात पक्का, बोलण्यात चतुर, पिकातले बारकावे जाणणारा माणूस भावनेच्या बाबतीत पोरकट असू शकतो, आणि अंगठा उठवणारी आजी पूर्ण पोक्त असू शकते. पोक्तपणा म्हणजे राग न येणे नव्हे. आलेला राग, भीती, हेवा, शरम दुसऱ्याच्या अंगावर न टाकता काही वेळ स्वतःजवळ ठेवता येणे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

मराठी भाषेने ही निरीक्षणे फार आधी करून ठेवली आहेत. तोंड फुगवणे, नाक मुरडणे, मान उडवणे, हात झटकणे, पाय आपटणे, पाठ फिरवणे, दातओठ खाणे हे सगळे वाक्प्रचार शरीरावरून घेतलेले आहेत. त्याहून नेमका आहे तो राग आणि रुसवा यांतला भेद. राग ज्याचा आला त्याच्यावर जातो. रुसवा जातो समजूत काढणाऱ्याकडे, म्हणून त्याला प्रेक्षक लागतो. एकटे असताना माणूस रागावू शकतो, रुसू शकत नाही. रामायणातली कैकेयी दागिने फेकून जमिनीवर पडते ती क्रोधागारात, म्हणजे राजवाड्यातल्या अशा खोलीत जी त्यासाठीच राखलेली होती आणि जिथे दशरथ येणार हे ठरलेले होते. रुसणाऱ्याची सोय घरानेच करून ठेवण्याची पद्धत तेव्हापासूनची दिसते.

शरीरावरून मन वाचण्याचा पद्धतशीर विचार भारतात नाट्यशास्त्राने केला. भरताने एकोणपन्नास भाव मोजले : आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे सात्त्विक भाव ठरवून आणता येत नाहीत, मन तिथे असावे लागते. हातवारे शिकवता येतात. घाम, कापणारा आवाज आणि उतरलेला रंग सहसा शिकवता येत नाही. देहबोली वाचणाऱ्याला हा फरक आजही उपयोगी पडतो.

पश्चिमेत हा विषय चार्ल्स डार्विनच्या १८७२ च्या भावाविष्कारावरील ग्रंथापासून सुरू झाला असे मानतात. त्याने १८६७ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या निरीक्षकांना सोळा प्रश्नांची यादी पाठवली होती. त्यांत एक प्रश्न मुले रुसली की ओठ पुढे काढतात का, असा होता. हिंदुस्थानातल्या निरीक्षकांपैकी एर्स्किन नावाचा गृहस्थ मुंबई इलाख्यातल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात राहत होता. त्याला खात्रीचा निष्कर्ष काढणे अवघड गेले. त्याचे कारण डार्विनने ग्रंथाच्या आरंभीच नोंदवले आहे : युरोपियनांसमोर इथले लोक आपल्या भावना नेहमीच झाकून ठेवत. मराठी मुलखाची या शास्त्रातली पहिली हजेरी अशी नकाराची आहे, आणि ती मोलाची आहे. सत्तेसमोरचे शरीर आणि घरातले शरीर ही दोन वेगळी शरीरे असतात. तहसील कचेरीत हात बांधून, नजर खाली घालून उभा राहणारा माणूस घरी ताट भिरकावत असेल तर त्याच्या नम्रतेवरून आणि ताटावरून दोन वेगळे निष्कर्ष निघतील, आणि एकेकटे घेतले तर दोन्ही चुकतील.

विसाव्या शतकात पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी १९६९ च्या निबंधात हालचालींचे प्रकार पाडले. बोलण्याला आकार देणारे हातवारे वेगळे आणि ताण आला की नकळत होणारे अंगचाळे वेगळे. मराठीत ‘चाळा’ हा शब्द आधीपासून आहेच : पदराचे टोक पिळणे, चपलेच्या अंगठ्याने माती उकरणे, दुचाकीची किल्ली बोटाभोवती फिरवणे. कोणती भावना कोणासमोर दाखवावी आणि कोणासमोर झाकावी याचे नियम प्रत्येक समाज आपल्या मुलांना शिकवतो, हेही एकमन यांनी मांडले. पुढे या विषयाचा बाजार झाला. संवादातला त्र्याण्णव टक्के भाग देहबोलीचा आणि आवाजाचा असतो, हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत आजही ठोकून सांगितले जाते. त्याचे मूळ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांत आहे. ते सुट्या शब्दांतून आवड-नावड कशी कळते एवढ्यापुरतेच होते आणि आपले आकडे सगळ्या संवादाला लावू नयेत असे मेहराबियन यांनी स्वतःच सांगितले आहे. नुसते पाहून-ऐकून खरे-खोटे ओळखण्यात माणसे कितपत यशस्वी होतात, याचे दोनशेच्या आसपास अहवाल बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये एकत्र केले. सरासरी निघाली ५४ टक्के. नाणे उडवून ५० मिळाले असते. हाताची घडी म्हणजे मन बंद, नजर चुकवली म्हणजे खोटे, असल्या कोष्टकांना आधार नाही.

मग देहबोलीतून अपरिपक्वता दिसते म्हणजे काय दिसते? एकटी खूण नव्हे, खुणांचा क्रम. बैलबाजारात जाणता गिऱ्हाईक उभ्या बैलाची शिंगे पाहून पैसे मोजत नाही. तो बैल चालवून पाहतो, जू मानेवर ठेवून पाहतो, कारण बसकण मारणारा बैल ओझे येईपर्यंत इतर बैलांसारखाच दिसतो. माणसाचेही ओझ्याखालीच कळते. अशी ओझी फार नाहीत : नकार मिळणे, वाट पाहावी लागणे, चूक दाखवली जाणे, आणि आपल्या ऐवजी दुसऱ्याकडे लक्ष जाणे. शेवटचे सर्वांत बोलके. बायको तापाने पडली की पोक्त नवरा चहा ठेवतो. पोरकट नवऱ्याचे त्याच दिवशी डोके दुखू लागते. तो ढोंग करतो असेही नाही. त्याचे दुखते.

कॅनडात जन्मलेल्या एरिक बर्न या मनोविकारतज्ज्ञाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या व्यवहार विश्लेषणात माणसाच्या तीन अवस्था मानल्या आहेत : पालक, प्रौढ आणि बालक. माणूस कोणत्या अवस्थेतून बोलतो आहे हे ओळखण्याची त्याची पहिली कसोटी देहबोलीचीच होती : आवाजाची पट्टी, मानेचा कल, बसण्याची ढब, ओठ. बालक अवस्था वाईट असे बर्न म्हणत नाही. हसणे, खेळणे, नवे सुचणे तिच्यातूनच येते. अडचण होते ती प्रौढाची गरज असताना बालकच पुढे येते तेव्हा.

एक नेहमीचा प्रसंग जवळून पाहता येतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगावी तंटे मिटवायला समित्या झाल्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर समितीची माणसे, समोर नवरा, त्याच्यामागे त्याची आई, अंतर ठेवून बायको आणि तिच्याजवळ सातेक वर्षांची मुलगी. नवरा कापसाच्या भावावर, बँकेवर, पावसावर नीट बोलतो. हात बोलण्याबरोबर चालतात, नजर समोर. मग अध्यक्ष सांगतात, गाडी वीक आणि पोरीची फी भर. आधी नवऱ्याचे हात थांबतात. शब्द असताना जे हात बोलत होते ते मांडीवर येऊन किल्लीशी खेळू लागतात. हनुवटी वर जाते आणि एक खांदा उचलला जातो. मान वळते ती अध्यक्षांकडे नाही, बायकोकडेही नाही, तर मागे आईकडे. मग खालचा ओठ, आणि शेवटी आवाज, जो आता एक पट्टी वर आहे : ‘मग मीच सगळ्याले वाईट!’ सारे मिळून अर्ध्या मिनिटाचेही काम नाही. शब्द संपले, शरीर आले, आणि शरीराने समजूत काढणारे माणूस शोधले. निदान करायचे तर ते खांद्यावरून होत नाही, या वळलेल्या मानेवरून होते.

त्याच खोलीत आणखी काही घडलेले असते, जे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अध्यक्षांचे वाक्य पुरे होण्याआधीच बायकोचा हात मुलीच्या दंडावर गेलेला असतो. नवऱ्याची आई पदर सावरून खुर्चीच्या कडेला आलेली असते. मुलगी पाय हलवायची थांबलेली असते. या घरातल्या शरीरांना पुढचे पाठ आहे. भावनिक अपरिपक्वतेचा सर्वांत खात्रीचा पुरावा त्या माणसाच्या शरीरात कमी आणि त्याच्या भोवतालच्या शरीरांत जास्त असतो, हे या विषयाचे मर्म मानावे लागते. एक माणूस मुद्रा आवरू शकतो, परक्यांसमोर तर नक्कीच. चार माणसे एकाच क्षणी श्वास रोखतात ते लपवता येत नाही. अशा घरांतली मुले बापाची मनःस्थिती दारातल्या चपलांच्या आवाजावरून ओळखतात : सावकाश काढल्या की अभ्यास चालू राहतो, फेकल्या की पुस्तक मिटते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकात, जे १९१९ मध्ये रंगभूमीवर आले, अपमान न सोसवणारा हुशार वकील सुधाकर बाटलीकडे वळतो, पण त्याचा ऱ्हास प्रेक्षकांनी वाचला तो बालगंधर्वांनी उभ्या केलेल्या सिंधूच्या चेहऱ्यावर.

हे पुरुषांचेच आहे का? नाही. सुनेच्या माहेरची माणसे आली की भिंतीकडे तोंड करून झोपणारी सासू, भावाच्या लग्नात आपल्या साडीवरून जेवण सोडणारी बहीण हीही याच वर्गातली. फरक एवढाच की बाईला हे परवडणे अवघड असते. तिची समजूत काढायला माणसे कमी, म्हणून शब्द तिला लवकर शिकावे लागतात. मुलाच्या बाबतीत घर उलट वागते. मुलगा पाय आपटतो आणि घर हलते, हा धडा दोन-तीन वर्षांच्या वयात पक्का होतो. तो खोडण्याचे काम नंतर कोणी करत नाही. सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या ‘द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात भारतीय मुलाचे आईशी असलेले दीर्घ आणि भरघोस नाते, आणि त्यातून त्याला अचानक पुरुषांच्या जगात टाकले जाणे, याचे विवेचन केले आहे. यवतमाळच्या कुणबी किंवा बंजारा घरात ते कितपत लागू पडते हे घरागणिक बदलते, पण वळलेल्या मानेचा उगम कुठे शोधायचा हे त्यावरून कळते.

समाजही या पोरपणाला जागा ठेवतो. मराठी लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. जावई रुसतो, अंगठी नाहीतर गाडी घेऊन उठतो. विधी म्हणून हे गमतीचे आहे, कारण सगळ्यांना ते खेळ आहे हे ठाऊक असते. पुढच्या दिवाळीला तोच रुसवा विधीविना येतो तेव्हा सासऱ्याला कापूस लवकर विकावा लागतो, आणि गंमत तिथे संपते.

जमिनीचा प्रश्न याहून खोल आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात, काळ्या मातीतल्या कोरडवाहू कापसावर चालणाऱ्या असंख्य घरांत, सातबारा म्हाताऱ्याच्या नावावर असतो. पंचेचाळिशीचा मुलगा नांगरतो, पेरतो, फवारतो, आणि पेट्रोलला बापाकडे हात पसरतो. बाप बाजेवर असताना तो बाजेवर बसत नाही, खांबाला टेकून उभा राहतो, बोलताना पायाच्या बोटाकडे पाहतो. हे शरीर लहान मुलाचे दिसते, पण हा दोष मनाचा नाही, कागदाचा आहे. ज्याला निर्णय घ्यायला कधी मिळालाच नाही त्याची पोक्तता तपासायला जागाच नसते. फेरफार होऊन नाव लागले की यांतली कितीतरी माणसे वर्षभरात बदलतात. आवाज खाली येतो, पाय जमिनीवर रोवले जातात. जी बदलत नाहीत ती या विवेचनाच्या कक्षेत येतात.

उलटी बाजूही याच जिल्ह्यात दिसते. शेतकरी आत्महत्यांनी यवतमाळचे नाव देशभर नेले. बाप गेल्यावर बारा-तेरा वर्षांची थोरली मुलगी घर चालवू लागते. ती रडत नाही, हट्ट करत नाही, पाहुण्यांसमोर हात मांडीवर ठेवून ताठ बसते. लोक कौतुकाने म्हणतात, किती समजूतदार पोरगी. हा समजूतदारपणा वाढीचा नसतो, वाढ थांबल्याचा असतो. मूल म्हणून जे करायचे ते राहून गेलेले असते आणि तिशीत-पस्तिशीत ते अवेळी वर येते. अति स्थिर मुलाचे शरीर चळवळ्या मुलापेक्षा जास्त काळजीने पाहिले पाहिजे.

काय अपरिपक्वता नव्हे, हे या भागात विशेष ताकीद देऊन सांगावे लागते. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी पट्ट्यातल्या तांड्यांवर बंजारा नवरी लग्नात ढावलो गाते. नातेवाइकांच्या गळ्यात पडून सुरात रडणे ही शिकलेली, पिढ्यांनी घडवलेली कला आहे. बाहेरच्याला तो भावनेचा उद्रेक वाटतो. वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली घालणे हा मान आहे. दगडासारखा गप्प बसलेला नवरा दरवेळी छळ करत असतो असेही नाही. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी अमेरिकेत १९८० च्या दशकापासून जोडप्यांच्या वादाचे चित्रण करताना त्यांच्या नाडीचे ठोकेही मोजले, तेव्हा गप्प बसलेल्या माणसाची छाती आतून धडधडत असल्याचे पुष्कळदा आढळले. तो बोलत नव्हता कारण त्याला बोलता येत नव्हते.

दारू आणि उदासीनता यांची गल्लत सर्वांत घातक. दारू कोणत्याही प्रौढाला काही तासांपुरते मूल करते. म्हणून त्या तासांवरून काही ठरवू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी तो काय करतो ते पाहावे. चूक कबूल करताना चेहरा समोर असतो, की चहाचा कप सरकवून पुन्हा तोंड फुगते? उदासीन माणूसही कामातून अंग काढतो, जेवत नाही, भिंतीकडे तोंड करतो. पण त्याच्या शरीराला प्रेक्षक नको असतो. समजूत काढायला कोणी आले तर रुसलेल्याचा ओठ हलतो, उदासीनाचा हलत नाही. राज्य सरकारने २०१५ मध्ये यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन अशा खुणा विचारतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर नेले. आधी त्यांतल्या बहुतेकांना गावाने काय म्हटले असेल, आळशी की फुगलेला, याचा अंदाज करता येतो. शंका असेल तर ‘पोट्टंच हाये’ म्हणण्यापेक्षा १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फिरवणे बरे.

‘कधीच न वाढणारी’ माणसे हे शब्दही जपून वापरावे लागतात. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या ग्रँट अभ्यासात २६८ तरुणांचा आयुष्यभर माग ठेवला गेला. त्यावरून जॉर्ज व्हॅलंट यांनी १९७७ मध्ये दाखवले की दोष दुसऱ्यावर ढकलणे, रागाच्या भरात काहीतरी करून टाकणे यांसारख्या कच्च्या बचावांची जागा विनोद, संयम, दुसऱ्यासाठी काही करणे हे पोक्त बचाव हळूहळू घेतात, आणि ही वाढ पन्नाशीकडे जातानाही चालू राहते. सगळ्यांची मात्र नाही. ज्याच्या रुसव्याची किंमत नेहमी दुसऱ्यानेच भरली, त्याला वाढायला कारण मिळत नाही. समुपदेशक म्हणूनच पुष्कळदा त्या माणसाऐवजी समजूत काढणाऱ्यापासून सुरुवात करतात : मान मागे वळली तर आईने उठायचे नाही, एवढेच.

बदल झालाच तर तो आधी हातांत दिसतो. नकार ऐकल्यावर ते थांबत नाहीत, बोलण्याबरोबर चालत राहतात. आवाज चढतो पण वाक्य पुरे होते. मान ज्याच्याशी वाद आहे त्याच्याकडेच राहते. घरच्यांच्या शरीरांना हे कळायला कितीतरी जास्त वेळ लागतो. बाप सहा महिने चपला सावकाश काढत असतो, आणि मुलगी आवाज झाला की अजून पुस्तकावर हात ठेवते.